पाणी रस्त्यावरून काढलं, पण सोडलं कुठे? स्टॉर्मवॉटर ट्रेनिंगचा माझा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. रस्ते, पूल, रेल्वे, विमानतळ अशा कामांवरच्या इंजिनिअर लोकांसाठी पर्यावरण आणि पावसाच्या पाण्याचं डिझाइन असं एक ट्रेनिंग मी नुकतंच पूर्ण केलं. आधी दोन आठवडे ऑनलाइन व्हिडिओ आणि स्वाध्याय, मग सलग पाच दिवस प्रत्यक्ष, त्यातला एक दिवस साइटवर. संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली काही तक्रारी पण आहेत, आणि असली ट्रेनिंग आता बऱ्याच ठिकाणी होतात, त्यामुळे तुम्ही कुठेही जाणार असाल तरी काय बघून जायचं हे यातून कळेल असं वाटतं.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. बारा वर्षं रोड डिझाइनमध्ये आहे. अलाइनमेंट, प्रोफाइल, क्रॉस सेक्शन हे रोजचं काम. ड्रेनेज मात्र कायम सबमिशनच्या शेवटच्या आठवड्यात व्हायचं, पाणी रस्त्यावरून लवकरात लवकर बाहेर काढायचं, साइड ड्रेनला उतार द्यायचा, आउटफॉलला, म्हणजे पाणी शेवटी बाहेर सोडतो त्या जागेला, एक बाण दाखवायचा की शीट संपली. तो बाण जिथे संपतो तिथून पुढे काय होतं हे बारा वर्षांत ना मला कोणी विचारलं ना मी स्वतःला विचारलं. या ट्रेनिंगने तो बाण पुढे चालवला, आणि म्हणूनच उणिवा असूनही मी हे ट्रेनिंग करा असंच सांगेन.

सुरुवात बरण्यांपासून झाली. पहिल्या दिवशी टेबलावर तीन काचेच्या बरण्या, एकीत बारीक वाळू, दुसरीत सिल्ट (वाळूपेक्षा बारीक गाळ), तिसरीत चिकणमाती. शिकवणाऱ्या मॅडमनी पाणी भरून घट्ट झाकणं लावली आणि पुढच्या बाकावरच्या तिघांना जोरजोरात हलवायला सांगितल्या, मग तिन्ही खिडकीत नेऊन ठेवल्या. वाळू ठेवता ठेवताच तळाला बसली. सिल्टची बरणी दुपारच्या सुट्टीपर्यंत वरून निवळली होती. चिकणमातीची बरणी आम्ही पाचव्या दिवशी निघालो तेव्हा पण गढूळच होती. रोज वर्गात शिरताना सगळ्यांची नजर आधी त्या खिडकीकडे जायची.

मग फळ्यावर स्टोक्सचा नियम आला, १८५१ चा आहे तो. कण खाली बसायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी. एक मीटर खोल शांत पाण्यात ०.१ मिलिमीटरची वाळू साधारण दोन मिनिटांत तळाला जाते, ०.०१ मिलिमीटरच्या सिल्टला तीन तास लागतात आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीला बारा-तेरा दिवस. तेही पाणी अजिबात हलत नसेल तर. हे आकडे मी कॉलेजमध्ये नक्की शिकले असणार, पण बरणी समोर असताना ते जसे डोक्यात बसले तसे तेव्हा बसले नव्हते. कारण मग लगेच पुढचा प्रश्न येतो ना, की आपण ड्रॉइंगवर जो छोटासा सेटलिंग पिट दाखवतो, ज्यात पाणी जेमतेम दहा मिनिटं थांबतं, तो नक्की काय पकडतो? वाळू पकडतो. नदी-ओढा ज्याने गढूळ होतो ते सगळं तर त्यातून सरळ पुढे जातं. मॅडमचं म्हणणं असं की गाळ पकडायचे उपाय ही दुसरी फळी, पहिलं काम म्हणजे माती जागची हलू न देणं. उघडी जमीन कमीत कमी ठेवायची, सगळी कटिंग (खोदाई) एकदम न उघडता टप्प्याटप्प्याने उघडायची, तयार झालेल्या उतारावर लगेच गवत किंवा मल्च (पेंढा-पाल्याचा थर) किंवा जाळीचं आच्छादन टाकायचं. यातलं निम्मं काम तर कन्स्ट्रक्शन शेड्यूल ठरवताना होतं, ड्रेनेजच्या शीटवर होतच नाही, आणि शेड्यूल बनवताना आमच्यापैकी कोणी तिथे नसतं.

दुसरा दिवस हायड्रॉलॉजीचा, म्हणजे पावसाचं किती पाणी वाहून येईल त्या हिशेबाचा. सुरुवातीला वाटलं हे येतं आपल्याला. रॅशनल मेथड, क्यू बरोबर सी आय ए, म्हणजे प्रवाह बरोबर जमिनीचा गुणांक सी गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ, १८५१ मध्येच आयर्लंडच्या मल्वनीने मांडलेली कल्पना, नंतर १८८९ मध्ये अमेरिकेत कुइचलिंगने गटारांच्या डिझाइनला लावली, आणि आजही छोट्या कॅचमेंटला (पाणलोटाला) जगभर तीच वापरतात. पण शिकवणाऱ्या सरांनी एक साधं गणित घालून सगळ्यांना जागं केलं. एक हेक्टर गवताळ जमीन, सी ०.३, पाऊस ताशी ६० मिलिमीटर, तर प्रवाह येतो सेकंदाला ५० लिटर. तिथे डांबरी पेव्हमेंट केलं, सी ०.९, तर १५० लिटर. तिप्पट. सगळ्यांनी वहीत तिप्पट लिहिलं. सर म्हणाले थांबा, अजून संपलेलं नाही. गवतावरून पाणी रमतगमत येत होतं, डांबरावरून आणि कर्बच्या (रस्त्याच्या उंच कडेच्या) कडेने ते धावत येणार, म्हणजे टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन (सगळ्यात लांबचं पाणी पोहोचायला लागणारा वेळ) कमी झाला, म्हणजे आयडीएफ कर्व्हवर (पाऊस किती वेळ, किती जोरात आणि किती वर्षांनी पडतो त्याच्या आलेखावर) तुम्ही डावीकडे, कमी वेळेच्या बाजूला सरकलात, तिथे तीव्रता समजा ताशी ९० मिळाली, तर प्रवाह २२५ लिटर. साडेचारपट! तोच पाऊस, तीच एक हेक्टर जागा. आणि पलीकडचा ओढा मात्र ५० लिटरच्या सवयीचा आहे, त्याचा काठ, त्याचं तळ सगळं त्या सवयीने घडलेलं आहे. मोठा पूर एखाद्या वर्षी येतो, पण हे वाढलेलं पाणी तो ओढा दर पावसात सोसतो, आणि काठ ढासळतात ते या रोजच्या माराने. डिटेन्शन पाँड (पाणी अडवून हळूहळू सोडणारं तळं) कशासाठी असतो हे मला त्या दिवशी मनापासून पटलं.

रिटर्न पिरिअडवर, म्हणजे एवढा मोठा पाऊस सरासरी किती वर्षांनी येतो त्यावर, एक तास होता, चांगला होता. २५ वर्षांचं डिझाइन म्हणजे २५ वर्षांत एकदाच येणार असा समज खूप जणांचा असतो, वर्गातही होता. दर वर्षी ४ टक्के शक्यता, आणि २५ वर्षांच्या काळात निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के. म्हणजे तुमची रस्त्याखालची मोरी तिच्या आयुष्यात ओव्हरटॉप होण्याची (पाणी रस्त्यावरून जाण्याची) शक्यता न होण्यापेक्षा जास्त. मग खरा प्रश्न हा की ओव्हरटॉप होईल तेव्हा पाणी कुठून जाईल, भराव वाहून जाईल का, शेजारच्या वस्तीत शिरेल का. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की तिची बाष्प धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जुन्या नोंदींवरच्या आयडीएफ कर्व्हवर किती विसंबायचं यावर बरीच चर्चा झाली, पण नेमकं किती टक्के वाढवून धरायचं ते ज्याच्या त्याच्या देशाच्या कोडप्रमाणे, असं म्हणून सरांनी ते सोडून दिलं. तिथे एखादं सोडवलेलं उदाहरण हवं होतं.

आता माझ्या रोजच्या कामाशी सगळ्यात जवळचा भाग, पेव्हमेंट ड्रेनेज. इथे मी सगळ्यात जास्त शिकले म्हणून जरा सविस्तर लिहिते. कर्बच्या कडेने वाहणारं पाणी लेनमध्ये किती आत पसरतं त्याला स्प्रेड म्हणतात, आणि डिझाइन त्या स्प्रेडवर करायचं असतं, नुसतं दर इतक्या मीटरला एक इनलेट (पाणी आत घेणारी जाळी) असं ठोकून द्यायचं नसतं. प्रवाहाच्या सूत्रात स्प्रेडचा घात २.६७ आहे, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तरी स्प्रेड साधारण ३० टक्केच वाढतो, आणि उलट बाजूने बघितलं तर स्प्रेड थोडासा कमी करायचा तर इनलेटची संख्या भराभर वाढवावी लागते. हे कळल्यावर मग क्रॉस स्लोप (रस्त्याचा आडवा उतार) नीट देण्याचं महत्त्व कळतं, कारण तिथे अर्धा टक्का सुधारला तर काहीच जास्तीचं न बांधता फायदा होतो.

आणि मग सुपरएलिव्हेशन ट्रान्झिशन, म्हणजे वळणासाठी रस्ता एका बाजूला कलता होत जातो तो भाग. वळणाकडे जाताना रस्त्याचा एक भाग नॉर्मल कॅम्बरवरून (मधे उंच, कडांकडे उतार) उलट्या उताराकडे फिरतो, आणि फिरता फिरता एका जागी त्याचा आडवा उतार बरोब्बर शून्य होतो. तिथे उभा उतार बरा असेल तर पाणी निदान पुढे तरी जातं. पण तीच जागा प्रोफाइलच्या सॅगमध्ये (उभ्या उताराच्या खोलगट जागी) किंवा अगदी सपाट ग्रेडवर आली तर पाण्याला जायला दिशाच राहत नाही, ते तिथेच थर करून बसतं आणि वेगात येणारी गाडी त्यावर तरंगते. हायड्रोप्लेनिंग. मी बारा वर्षं अलाइनमेंट करतेय, हॉरिझाँटल आणि व्हर्टिकल एकमेकांशी जुळवताना दिसायला कसं वाटेल, साइट डिस्टन्स (चालकाला पुढचं किती दिसतं) किती मिळेल हे बघत आलेय, पण शून्य उताराची जागा आणि सॅगची जागा शेजारी शेजारी ठेवून कधी तपासली नव्हती. त्या रात्री रूमवर जाऊन लॅपटॉप उघडला आणि चालू कामाची दोन्ही चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनची अंतरं) काढून बघितली. एका ठिकाणी दोन्हींत फक्त १५ मीटरचं अंतर होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या आधी ऑफिसला मेल केला की ती शीट पुढे पाठवू नका, आल्यावर सॅग सरकवते. ट्रेनिंगचा मोबदला माझ्यापुरता तिथेच वसूल झाला.

सॅगमध्ये एकच इनलेट ठेवू नका, दोन्ही बाजूंना थोडं वर एकेक फ्लँकिंग इनलेट द्या, हेही तिथेच शिकवलं. कारण साधं आहे, सॅगची जाळी पाल्यापाचोळ्याने आणि प्लास्टिकने सगळ्यात आधी तुंबते, आणि तिथून पाण्याला दुसरी वाट नसते.

कल्व्हर्टचा, म्हणजे मोऱ्यांचा भाग तिसऱ्या दिवशी. इनलेट कंट्रोल आणि आउटलेट कंट्रोल, म्हणजे पाणी मोरीच्या तोंडाशी अडतं की पुढे, हा फरक आकृत्या काढून इतका छान समजावला की बॅचमधले एक सीनिअर सर, ज्यांनी शेकड्याने मोऱ्या बांधल्या आहेत, ते पण वही काढून लिहायला बसले. पाइप कितीही मोठा घ्या, तोंडच जर पाणी आत घेत नसेल तर मागचा पाइप अर्धा रिकामा राहणार. चौकोनी कडांच्या हेडवॉलला (मोरीच्या तोंडाच्या भिंतीला) एंट्रन्स लॉसचा, म्हणजे पाणी आत शिरताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचा, गुणांक ०.५, कडा तासून बेव्हल केल्या तर ०.२, आणि भरावातून नुसतं बाहेर डोकावणाऱ्या पातळ पत्र्याच्या पाइपला ०.९. कड तासायला शटरिंगमध्ये एक तिरकी पट्टी लागते फक्त. पाइप पूर्ण भरून वाहताना क्षमता व्यासाच्या ८/३ घाताने वाढते, म्हणजे ६०० मिलिमीटरचा ९०० केला तर क्षमता जवळपास तिप्पट होते, हे मॅनिंगच्या (प्रवाहाचा वेग काढायच्या) सूत्रातून तिथल्या तिथे काढून दाखवलं.

पण या भागात मला हलवून टाकलं ते माशांनी. स्लाइडवर एक मोरी होती, ओढ्याच्या तळापासून आउटलेट जवळजवळ कंबरेइतका वर लटकलेला, खाली पाण्याने खणलेला खड्डा. असं का होतं, तर मोरीतून पाणी ओढ्यापेक्षा जास्त वेगाने बाहेर पडतं, तळ खणतं, तळ खाली जातो आणि मोरी वर राहते. ओढ्यातून वर जाणारे मासे त्या भिंतीपुढे अडकतात. मोरीच्या वरचा पूर्ण ओढा त्यांच्यासाठी बंद. हायड्रॉलिकच्या हिशेबात मोरी अगदी बरोबर आहे हो, डिझाइन प्रवाह आरामात जातो. मला माझ्याच एका जुन्या कामातली मोरी आठवली, बांधून चार-पाच वर्षांनी तिथून जाणं झालं तेव्हा आउटलेटखाली असाच खड्डा होता आणि आम्ही फक्त एप्रन (आउटलेटपुढची फरसबंदी) दुरुस्त करायची शिफारस करून आलो होतो. ओढ्यात काय राहतं याची चौकशी मी केली नव्हती, आणि त्याचं आता मनापासून वाईट वाटतं. उपाय अवघड नाहीत. मोरी ओढ्याच्या रुंदीपेक्षा थोडी रुंद घ्यायची, तिचा तळ ओढ्याच्या पातळीच्या खाली पुरायचा आणि आत दगडगोटे भरून नैसर्गिक तळ तयार करायचा, म्हणजे कमी पाण्यातही मासे, खेकडे, बेडूक जाऊ शकतात. खर्च वाढतो, हे शिकवणाऱ्या सरांनी लपवलं नाही.

रस्त्यावरच्या पाण्यात काय काय असतं यावरचं सेशन जेमतेम दीड तासाचं होतं, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्यात आले. टायरमधलं जस्त, क्रॅश बॅरिअरच्या गॅल्व्हनायझिंगमधूनही जस्त, ब्रेक पॅडमधलं तांबं, तेल, टायरचा झिजलेला बारीक भुगा. गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिसं घालणं २०२१ मध्ये जगभरातून पूर्ण थांबलं पण रस्त्याकडेच्या मातीत ते अजूनही सापडतं. बरेचसे धातू बारीक कणांना चिकटून जातात, म्हणजे पुन्हा ती तिसरी बरणी! वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या अमेरिकन राज्यांनी २०१० मध्येच ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायचे कायदे केले, २०२५ पर्यंत ०.५ टक्क्यांच्या खाली. आणि सिक्सपीपीडी-क्विनोनची गोष्ट तर मी घरी येऊन सगळ्यांना सांगितली. टायर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात सिक्सपीपीडी नावाचं रसायन घालतात, ओझोनशी त्याची क्रिया होऊन सिक्सपीपीडी-क्विनोन बनतं, पावसाने ते ओढ्यात उतरतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर शहरी ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की काही तासांत मरायचे, कारण वर्षानुवर्षं कळत नव्हतं, ते २०२० च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी शोधून काढलं. त्याच्याही आधी प्रयोगात दिसलं होतं की तेच पाणी वाळू-कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून सोडलं तर मासे जगतात. म्हणजे रस्त्याकडेची पाणी जिरवणारी झाडांची पट्टी, बायोरिटेन्शन म्हणतात ती, हे सुशोभीकरण म्हणून बीओक्यूच्या (कामांच्या आणि परिमाणांच्या यादीच्या) शेवटच्या पानावर टाकायचं आणि बजेट कमी पडलं की आधी तेच कापायचं, हे करताना आपण नक्की काय कापतोय हे आता कळतं.

चौथा दिवस साइटचा आणि माझ्या मते पूर्ण ट्रेनिंगचा सर्वोत्तम दिवस. पहाटेपासून रिमझिम चालू होती, कोणीतरी कार्यक्रम पुढे ढकलायचं का विचारलं, मॅडम म्हणाल्या असाच दिवस हवा होता मला. एका चालू कामाच्या भरावाखाली आम्हाला सिल्ट फेन्स (गाळ अडवणारं कापडी कुंपण) स्वतः लावायला दिली. कापड, खुंट्या, फावडी. आमच्या गटाने अर्ध्या तासात लावली, ताठ, सरळ रेषेत, बघायला सुंदर. मॅडम आल्या, वाकल्या, कापडाच्या खालच्या कडेत दोन बोटं घातली आणि ती पलीकडे निघाली. कापड मातीवर नुसतं टेकलेलं होतं. खालचा भाग १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून, वर माती भरून चोपायला हवी, नाहीतर पाणी खालून जातं आणि फेन्स नुसता पडदा म्हणून उभी राहते. शिवाय सरळ रेषेत लावली हेही चूक, ती समपातळी रेषेत लावायची आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवायची, नाहीतर पाणी फेन्सच्या कडेकडेने धावत जाऊन टोकाला नवी घळ पाडतं. आणि वाहत्या ओघळीत आडवी तर कधीच लावायची नाही, ती फक्त पसरून येणाऱ्या पाण्यासाठी आहे. गाळ एक तृतीयांश उंचीपर्यंत साचला की काढायचा. आम्ही सगळी उखडली, चर खणला, परत लावली. चिखलात हात घालून शिकलेलं आहे, विसरणार नाही.

चेक डॅमचंही तसंच. दगडांचा बांध मधे खोलगट आणि कडांना उंच हवा, निदान १५ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे पाणी मधूनच ओसंडतं, कडा खात नाही. शेजारच्या दोन बांधांमधलं अंतर असं की वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत. ३ टक्के उतार आणि ६० सेंटिमीटर उंची तर २० मीटर. ऑटोलेव्हल (पातळी मोजायचं उपकरण) लावून आम्ही तिथे असलेले बांध तपासले, पाचपैकी दोन बरोबर निघाले. ज्या दोन ठिकाणी अंतर बरोबर होतं तिथे मागे गाळ साचून छान पायऱ्या झाल्या होत्या, बाकी ठिकाणी मधला पट्टा उघडा पडून खणला गेला होता. तिथल्या सुपरवायझर दादांनी ते आमच्याबरोबर बघितलं आणि त्याच दिवशी दुरुस्तीला माणसं लावली.

आता तक्रारी. पहिली सॉफ्टवेअरची. स्विम (SWMM) हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं पावसाच्या पाण्याचं मॉडेल, १९७१ पासून आहे, फुकट मिळतं, जगभर वापरतात, त्यामुळे या सेशनची मी सगळ्यात जास्त वाट बघत होते. आणि मिळाले फक्त तीन तास, त्यातही ट्रेनर स्वतःच तयार मॉडेल उघडून क्लिक करत होते आणि आम्ही स्क्रीनकडे बघत होतो. अर्ध्या लोकांच्या लॅपटॉपवर ते इन्स्टॉलच नव्हतं कारण आधी कोणी कळवलंच नव्हतं. एक उपयोगी गोष्ट तेवढी हाती लागली, रन झाल्यावर रंगीत आलेख बघायच्या आधी कंटिन्युइटी एरर (आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पाण्याच्या हिशेबातला फरक) बघा, १० टक्क्यांच्या वर असेल तर त्या निकालावर विश्वास ठेवू नका. पण एक सबकॅचमेंट, दोन नोड, एक पाइप एवढं जरी प्रत्येकाकडून स्वतः बांधून घेतलं असतं तर पुरे होतं. कल्व्हर्टचं एचवाय-एट हे सॉफ्टवेअर तर नुसतं नाव सांगून पुढे गेले, खरं तर आमच्यासारख्यांना ते पहिल्या दिवसापासून वापरता येण्यासारखं आहे आणि तेही फुकट आहे.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि ती मी फीडबॅक फॉर्मवर पानभर लिहून दिली. मेंटेनन्स. पूर्ण पाच दिवसांत मेंटेनन्सला पाऊण तास! सच्छिद्र डांबर, पाणी जिरवणारे चर, बायोरिटेन्शन, डिटेन्शन पाँड हे सगळं बांधायचं शिकवलं, पण ते बांधून झाल्यावर कोणाच्या ताब्यात जाणार, गाळ कोण काढणार, कधी काढणार, काढलेल्या गाळात धातू असतील तर तो टाकायचा कुठे, मशिन आत जायला रॅम्प ठेवलाय का, यावर जवळजवळ काहीच नाही. सच्छिद्र डांबराची छिद्रं बारीक मातीने बुजतात, साफ केली नाहीत तर काही वर्षांत तो साधा रस्ता होतो. पाँडमध्ये गाळ भरत गेला की डिझाइनमधली साठवण कागदावर राहते. आमच्या बॅचमध्ये मेंटेनन्सच्या विभागातून आलेले तिघे होते, त्यांनी हात वर करून विचारलं तेव्हा वेळ संपलीये, नंतर बोलू असं उत्तर मिळालं, आणि ते नंतर काही आलं नाही. खोलीतला सगळ्यात जास्त अनुभव त्या तिघांकडे होता. त्यातल्या एका ताईंनी बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्हाला पाच मिनिटांत जे सांगितलं, की इनलेटच्या जाळीचं वजन दोन माणसांना उचलता येईल एवढंच ठेवा नाहीतर ती जाळी कधीच उघडली जात नाही आणि चेंबर कधीच साफ होत नाही, ते पूर्ण नोट्समध्ये कुठेच नाही.

बाकी बारीकसारीक. नोट्स चांगल्या आहेत, सोडवलेली उदाहरणं भरपूर, मेट्रिक एककांत. ऑनलाइन व्हिडिओ मात्र लांबलचक आणि एकसुरी आहेत, दीडपट वेगाने बघितले तरी चालतात, पण टाळू नका, कारण प्रत्यक्षातला दुसरा दिवस ते बघितलेत असं धरूनच चालतो. शेवटी परीक्षा आहे, पुस्तक उघडून लिहायची, दोन तासांची, कामाचे प्रश्न होते. परीक्षेत एक साइट प्लॅन देऊन त्यावर बांधकामाच्या तीन टप्प्यांत माती-गाळ रोखायचे उपाय दाखवायला सांगितलं होतं, तो प्रश्न मला फार आवडला.

कोणी जावं? डिझाइनवाल्यांनी तर जावंच, पण साइट इंजिनिअर आणि शेड्यूल बनवणाऱ्यांनीही जावं, शक्य असेल तर एकाच कामावरच्या दोघांनी मिळून. आमच्याकडे असे एकच दोघं होते, एक डिझाइनर आणि एक साइटवरचा, आणि ते सुट्टीत एकमेकांशी ज्या तपशिलात बोलत होते ते ऐकून हेवा वाटला. हायड्रॉलिक्सचा अजिबात संबंध राहिला नसेल तर आधी मॅनिंग आणि कंटिन्युइटीची सूत्रं एवढं तरी उजळून जा.

आणि जाताना स्वतःच्या चालू कामाची ड्रॉइंग नक्की घेऊन जा, प्लॅन, प्रोफाइल आणि आउटफॉलच्या पातळ्या. शेवटच्या दिवशी दुपारी ती उघडून बसतात. माझ्या शीटवर सरांनी आउटफॉलच्या बाणावर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, इथून पुढे काय आहे? मला सांगता आलं नाही. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सर्व्हेवाल्यांना घेऊन तिथे गेले. बाण संपतो तिथून ४० मीटरवर एक जुनी विहीर आहे, वापरातली, आमच्या सर्व्हेच्या हद्दीच्या जेमतेम बाहेर म्हणून ड्रॉइंगवर आलीच नव्हती. आता तो आउटफॉल दुसऱ्या बाजूला वळवलाय, आधी गवती स्वेल (उथळ चर), मग एक छोटा पाँड, त्याला मशिन उतरायला रॅम्प, आणि जाळ्या दोन माणसांना उचलतील अशा. सुधारित शीट गेल्या सोमवारी पुढे गेली.